तोट्याचा हिशेब

जिनिंगवाल्याला उतारा विचारा, तो झोपेतही सांगेल. १०० किलो कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घट. रुई काट्यावर चढते, सरकीही चढते, त्यामुळे हिशेबात भांडण उरत नाही. पण त्याच शेडमधल्या रेच्याला फिरवणाऱ्या मोटारीचा उतारा विचारला, की सगळे तिच्या पाटीकडे बघतात. मोटारीत शिरलेली वीज मीटरवर दिसते. शाफ्टवर काय निघालं ते दिसत नाही, आणि जे वाया गेलं ते तर हवेत विरलेलं असतं.

तो उतारा काढून देणं हा माझा धंदा. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिला, अमरावतीकडची जिनिंग, वरुड-मोर्शीचे संत्र्याचे बगीचे, असं माझं गिऱ्हाईक पसरलेलं आहे.

कार्यक्षमतेची व्याख्या शाळकरी पोरालाही कळते: निघालेली शक्ती भागिले शिरलेली शक्ती. ती मोजायचा सरळ मार्गही आहे. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत शाफ्टवर ड्रम बसवतात, त्याला दोर गुंडाळून स्प्रिंग काट्यावर ताण वाचतात. चांगल्या लॅबमध्ये डायनॅमोमीटर असतो. पण या सरळ मार्गात एक खोट आहे. १० एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटार घ्या. ती ८.३ किलोवॅट घेते आणि ७.५ देते, तोटा ०.८ चा. आता दोन्ही मापांत फक्त १-१ टक्क्याची चूक उलट दिशांनी झाली, तर ती तोट्याच्या आकड्यावर तब्बल २० टक्क्यांची होऊन बसते. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा शोधला, की असंच होतं.

म्हणून जाणकार उलट्या बाजूने जातात. तोटाच मोजतात, तोही फोडून: स्टेटरच्या तांब्यातला, रोटरच्या सळ्यांतला, लोखंडी पत्र्यांतला, बेअरिंग आणि पंख्यातला. पाचवा सगळ्यांत नाठाळ. कशातच न बसणारा, भाराबरोबर वाढणारा भटका तोटा. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात तो मोजायचेच नाहीत, शिरलेल्या विजेच्या ०.५ टक्के धरून टाकायचे. २००७ च्या मानकाने ही मोकळीक काढली, आणि कागदावर चांगल्या दिसणाऱ्या बऱ्याच मोटारींचा आकडा मोटार तीच असूनही खाली आला.

ही शिस्त लॅबची. डाळ मिलमध्ये एमरी रोल थांबवा म्हटलं तर मालक आपल्यालाच थांबवतो. तिथे चालत्या मोटारीवरच काम करावं लागतं. सुपरवायझर अँपिअर दाखवतो: ‘पहा साहेब, निम्मा लोड हाये.’ पण अँपिअर फसवे असतात. पूर्ण भारावर १४-१५ अँपिअर घेणारी मोटार नुसती रिकामी फिरतानाही ५-६ घेते, कारण चुंबकत्वाचा प्रवाह तिला लागतोच. त्या अँपिअरमध्ये वॅट किती, हे पॉवर फॅक्टरशिवाय कळत नाही. मग मी कपलिंगवरची डाळीची भुकटी पुसतो, चमकती पट्टी चिकटवतो आणि टॅकोमीटर धरतो. चार पोलच्या मोटारीचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे घेतं. पाटीवर १४४० असेल आणि मला १४७० दिसले, तर भार साधारण निम्मा. हिशेब गोड आहे, पण फार विश्वास ठेवू नये. लाइनची फ्रिक्वेन्सी ४९.९ असली की १५०० चे १४९७ होतात, आणि ३० फेऱ्यांच्या फरकात ३ फेरे गेले म्हणजे १० टक्के गेले. शिवाय पाटीवरच्या या फरकालाच, म्हणजे स्लिपला, मानकाने २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा दिलेली. माझ्या अहवालात म्हणूनच भाराचा एक आकडा नसतो, ‘इतके ते इतके’ असतं. गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. मला त्याहून खरं काही देता येत नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा या हिशेबात आपला वाटा मागतो. साधारण मोटारीची पाटी भोवताली ४० अंश धरून लिहिलेली असते. अकोल्यात मे महिन्यात सावलीतच ४५ चढतात. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो: २५ अंशांवरचा ७५ अंशांवर १९ टक्क्यांनी अधिक. म्हणजे तापलेली मोटार जास्त खाते, आणि जास्त खाल्लं की आणखी तापते. त्यात एखादा फेज कमी दाबाचा असला, की ती जळते आणि भरायला जाते. भरणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. जुनी वाइंडिंग काढताना स्टेटर उघड्या जाळावर धरला, तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि लोखंडातला तोटा कायमचा वाढतो. ३७० अंशांच्या आत राखलेल्या भट्टीत वाइंडिंग जाळली आणि मूळ जाडीचीच तार भरली, तर कार्यक्षमता जवळपास जशीच्या तशी राहते. ‘भरलेली मोटार वाईटच’ हे सरसकट खरं नाही.

नवी घ्यायची झाली तर तिचा फायदाही तोट्यातच मोजावा. १० एचपीला, चार पोलमध्ये, कार्यक्षमतेचा आयई-१ वर्ग म्हणजे ८६ टक्के, आयई-३ म्हणजे ९०.४. चार-साडेचार टक्क्यांसाठी एवढे पैसे? तोट्यात बघा: १.२२ किलोवॅटवरून ०.८०, म्हणजे एक तृतीयांश घट. पूर्ण भारावर वर्षाला ४,००० तास चालली तर सुमारे १,७०० युनिट वाचतात. हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगला हे गणित तेवढं लागू पडत नाही, बारमाही मिलला पडतं.

शेतावरचं गणित आणखी वेगळं. ‘बिल तं माफ हाये भाऊ, मोजून काय करसान?’ असं मला विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकार भरतं. तरी मोजण्यासारखं असतं, आणि त्याला २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. समजा पाणी ८० मीटर खोल आहे आणि ड्रम ८० सेकंदांत भरतो. म्हणजे सेकंदाला अडीच लिटर. पाण्यावर लागले सुमारे १,९६० वॅट. मीटर ४,९०० दाखवत असेल, तर उतारा ४० टक्के. शिव्या मोटारीला बसतात, पण ती ७६ टक्क्यांची धरली तर ती १,१७६ वॅट खाते. झिजलेला पंप आणि अरुंद पाइप मिळून १,७६४. अशा वेळी मोटार बदलणं म्हणजे चुकीच्या माणसाला नोकरीवरून काढणं.

सौर पंप आल्यापासून मात्र हाच शेतकरी आपणहून विचारतो. पॅनेल साधारण ५ किलोवॅटचं असेल तर ढगाळ दिवशी वरून काही मागवता येत नाही. वाया गेलेला प्रत्येक वॅट थेट झाडाच्या आळ्यातून कमी होतो. अशा माणसाला मी टक्के सांगत नाही. पाण्यावर किती वॅट लागले, पाइपात आणि पंपात किती गेले, तांब्या-लोखंडात किती, एवढं चार ओळींत लिहून देतो. कुठली ओळ आधी खोडायची ते तो स्वतः ठरवतो, आणि बहुतेक वेळा ती मोटारीची नसते.