शिंतोड्यांवरून हेलियम

आम्ही हेलियम मोजतो असं मी लोकांना सांगतो खरं, पण आमच्या उपकरणाला हेलियम थेट कधीच दिसत नाही. ताऱ्यांदरम्यानच्या विरळ वायूतल्या उदासीन अणूंना विद्युतभार नसतो. चुंबकीय क्षेत्राला न जुमानता ते थेट पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येतात. 2008 साली उडालेल्या नासाच्या आयबेक्स यानावरचं आयबेक्स-लो हे उपकरण त्यांना हिऱ्यासारख्या कार्बनच्या थरावर आदळू देतं. हायड्रोजन, ऑक्सिजन तिथून एक इलेक्ट्रॉन उचलून ऋण आयन होतात, मग विद्युतक्षेत्रानं त्यांना वळवून मोजता येतं. हेलियमला तो जादा इलेक्ट्रॉन सांभाळता येत नाही. तो आदळल्यावर थरावरचे दुसरेच अणू उडतात, आणि आम्ही तेच मोजतो. चिखलात पडलेला दगड शिंतोड्यांवरून ओळखावा, तसं. साहजिकच मूळ अणूची ऊर्जा धड कळत नाही. कुठून, कधी, किती आले, एवढंच हाती लागतं.

यातलं ‘कधी’ सगळ्यात मोलाचं. वर्षाच्या पहिल्या महिन्यांत पृथ्वी या अणूंच्या वाऱ्याला सामोरी धावते, तिचा सेकंदाला 30 किलोमीटरचा वेग अणूंच्या वेगात मिळतो आणि टक्कर जोरदार होते. शरदात ती वाऱ्याबरोबर पळते, तेव्हा शिंतोडेच उडत नाहीत. त्यातही चंद्र किंवा पृथ्वीचं चुंबकावरण नजरेच्या टप्प्यात आलं की ते तास बाद. खरं कसब या वगळण्यात आहे, असं माझं मत. आकडेमोड काय, संगणक करतो.

युलिसिस यानानं हा वारा सेकंदाला सुमारे 26 किलोमीटरचा ठरवला होता. 2012मध्ये आयबेक्सवरून 23 आले आणि मोठा वाद झाला. गोम अशी की एकाच जागेवरून पाहिलं तर वेग, दिशा आणि तापमान एकमेकांत गुंततात: वेग थोडा घटवा, दिशा थोडी सरकवा, तापमान उतरवा, जुळणी जवळपास तशीच बसते. 2015च्या सुमारास नव्या नोंदींनी वेग पुन्हा 26च्या आसपास आणला, तापमान सुमारे 7,500 केल्विन.

आयबेक्स-लोची नजर यानाच्या अक्षाशी काटकोनात पक्की बसवलेली आहे. 24 सप्टेंबर 2025 रोजी निघालेल्या आयमॅप यानावरचं आयमॅप-लो मात्र हा कोन बदलू शकतं. तोच प्रवाह निरनिराळ्या कोनांतून पाहिला की गुंता सुटायला लागतो. तोवर कुणी नुसता वेग सांगितला, तर दिशा आणि तापमानही विचारून घ्या.