बिबड्यांवरचं ऊन

धुळ्यात मामींचं एका गाळ्याचं दुकान आहे. बिबडे, नागलीचे पापड, कुरडया, कळण्याचं पीठ. जाहिरातीसाठी फोटो काढायचं ठरलंय आणि भाचा म्हणतो, स्टुडिओ घेऊ. मला ते पटत नाही. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या कापडावर थापून वाळवला की बिबड्याच्या पाठीवर कापडाची वीण उमटते. उन्हासमोर धरला की ती वीण आणि तीळ, दोन्ही उजळून निघतात. ते स्टुडिओत कुठून आणणार?

म्हणून सकाळी सातला गच्चीवर. खान्देशातलं ऊन नऊनंतर पांढरंफटक होतं, सावल्या काळ्याकुट्ट पडतात. सूर्य मालाच्या मागे, जरा तिरका. पुढून थर्माकोलचा पांढरा तुकडा. दुकानातल्या फोटोंना ट्यूबलाइट बंदच, नाहीतर पापडांचा रंग बिघडतो.

हे ठरवताना सारखे चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवतात. १९१२ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्याचा मोठा काळ घरातच राहून, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून अख्खी दृश्यं उभी केली. ती टेबलटॉप छायाचित्रं आपल्याच खान्देशातली, याचा मला फार अभिमान वाटतो.

"मी कशाला फोटोत?" मामी म्हणाल्या. चेहरा नको तर नको, पण थापणारे हात हवेतच. मालाला चकाकीसाठी तेल लावायचं नाही. गिऱ्हाइकाला मिळणार तोच बिबडा फोटोत. तुमच्या ओळखीत असं दुकान असेल, तर या उन्हाळ्यात एक सकाळ त्याला द्या.