अख्खी बॅटरी नाही, फक्त एक मॉड्यूल!

विजेच्या गाडीची बॅटरी उघडलेली कधी पाहिली आहे का तुम्ही? मी पाहिली, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे!

खंबाटकी घाट चढताना 28 टक्क्यांवरचा चार्ज बघता बघता 11 वर आला आणि इशाऱ्याचा दिवा लागला. घाटात चार्ज भरभर उतरतो, पण इतका? "बॅटरी गेली म्हणजे अर्धी गाडी गेली," शेजारच्या काकांनी निकालच लावला. पण वॉरंटी होती की! आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. आणि माझी गाडी जेमतेम चार वर्षांची.

वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर एकेका सेलचा व्होल्टेज दिसू लागला. बाकी सगळे 3.2 च्या आसपास, एकच बिचारा 2.9 वर! सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात अशक्त सेल तळाला गेला की बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, बीएमएस, पूर्ण पॅकलाच आवर घालते. बाकीचे ठणठणीत असूनही! घाटातलं कोडं तिथेच सुटलं. कंपनीच्या मंजुरीसाठी बरेच फोन करावे लागले, ते सोडा.

कारण पुढे जे पाहिलं ते अफाट होतं. "ताई, पट्टीच्या आत यायचं नाही हं," टेक्निशियनने बजावलं. त्याने आधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी सोडवली, मग मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग उपसून कुलपात ठेवला. रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे. थोडा वेळ नुसता थांबला. मग मीटर लावून व्होल्टेज शून्य आहे याची खात्री केली आणि मगच नारिंगी केबलला हात लावला. त्या केबलमधून तीनशेहून जास्त व्होल्ट धावतात!

गाडीखालून पॅक टेबलावर उतरला. केवढा, तर घरातल्या दिवाणाएवढा. झाकण निघालं आणि आत मॉड्यूलच्या, म्हणजे सेलच्या गठ्ठ्यांच्या, शिस्तीत मांडलेल्या रांगा! लोह-फॉस्फेटचे सेल. या पदार्थावरच्या 1997 च्या गाजलेल्या शोधनिबंधावर बॅटरी-शास्त्रज्ञ गुडइनफ यांच्या जोडीला पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची नावं आहेत, हे आठवून अंगावर काटाच आला.

बदललं फक्त एक मॉड्यूल. तेही आणलं आणि बसवलं असं नाही. आधी त्याचा व्होल्टेज शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणला, नाहीतर नवं-जुनं एकमेकांशी जुळत नाही. मग नवं सील, आणि आत हवेचा दाब देऊन गळतीची तपासणी, पावसाळ्यात पाण्याचा थेंब शिरायला नको म्हणून. किती निगुतीचं काम! बॅटरी म्हणजे कायमचा बंद डबा नाही, ती दुरुस्त होते हो!

तुमच्या गाडीचा चार्ज असा धाडकन उतरला तर लगेच टक्के आणि किलोमीटर दिसतील असा फोटो काढा. बाहेरच्या कुणाला पॅक उघडू देऊ नका. वॉरंटी संपायच्या आत तक्रार लेखी नोंदवा आणि कोणतं मॉड्यूल बदललं ते जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि पॅक उघडतील तेव्हा समोर उभं राहायची परवानगी मागा. मागाच!