दुरुस्त झालेल्या चुकीची नोंद

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये कधीमधी एक ओळ उमटते. तिचा मथितार्थ असा: मेमरीत एक चूक सापडली, ती दुरुस्त केली, कंट्रोलर शून्य, चॅनेल एक, स्लॉट शून्य. पुढे पत्ता म्हणून आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. ही ओळ वाचून कोणी जेवण टाकून उठत नाही. दुरुस्त झाली म्हणते ना, मग झालं तर! वेबसाइट चालू आहे, डेटाबेस उत्तरं देतोय, वापरणाऱ्याला पत्ताही लागलेला नाही. माझी रोजीरोटी मात्र याच ओळीवर चालते. हार्डवेअरमधल्या मेमरीच्या चुका ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, माणसापर्यंत धडपणे कशा पोचवायच्या हे माझं काम. इतकी वर्षं त्यात घालवल्यावर माझं मत असं झालंय, की चूक दुरुस्त करणं हा यातला सोपा भाग. तो १९५० सालीच सुटला. ती योग्य माणसाला, योग्य जागेच्या नावासकट सांगणं अजून पुरतं सुटलेलं नाही.

आधी चूक होते कशी ते पाहू. रॅमच्या चिपमध्ये एकेक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळत राहतो, म्हणून सेकंदातून अनेकदा पुन्हा भरावा लागतो. हा भार इतका क्षीण, की एखादा कण आरपार गेला तरी एकचा शून्य होऊ शकतो. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या सिरॅमिक आवरणात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम आणि थोरियममधून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. आवरणाचा माल शुद्ध केल्यावर तो त्रास बराच कमी झाला. पुढच्याच वर्षी झिगलर आणि लॅनफर्ड यांनी बोट दाखवलं ते आकाशाकडे: वैश्विक किरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रॉन तयार होतात, तेही हा उपद्व्याप करतात. वैश्विक किरण म्हटलं की आपल्याकडे होमी भाभा आणि मुंबईची टीआयएफआर आठवते. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणं नेऊन ठेवली, कारण वर जमिनीवर या किरणांच्या गर्दीत त्यांना हवे असलेले कण सापडले नसते. सर्व्हर काही कोणी खाणीत नेऊन ठेवत नाही.

पण वैश्विक किरणांची गोष्ट ऐकायला इतकी सुरस आहे, की जो तो तीच सांगतो आणि खरा आरोपी सुटतो. २००९ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या दोन सहकाऱ्यांनी गूगलच्या सर्व्हरांवरचा अडीच वर्षांचा तपशील प्रसिद्ध केला. दर वर्षी साधारण एक तृतीयांश यंत्रांमध्ये आणि ८ टक्क्यांहून जास्त रॅम-पट्ट्यांमध्ये निदान एक तरी दुरुस्त होणारी चूक दिसली होती. त्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. ज्या पट्टीत एकदा चूक झाली, तिच्यात त्याच महिन्यात पुन्हा होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त; आणि दुरुस्त होणाऱ्या चुका दिसलेल्या पट्टीत दुरुस्त न होणारी चूक येण्याची शक्यताही तशीच वाढलेली. न्यूट्रॉन असा एकाच पट्टीच्या मागे लागत नाही. म्हणजे बहुतेक वेळा पट्टीच बिघडत चाललेली असते, आणि ती बिघडताना आगाऊ सूचना देत असते. सूचना ऐकणारं कोणी असलं पाहिजे, इतकंच.

दुरुस्तीची युक्ती रिचर्ड हॅमिंग यांची. ते बेल लॅब्जमध्ये होते, त्यांची कामं रिलेवर चालणाऱ्या यंत्रावर शनिवार-रविवारी लागत. यंत्राला चूक कळे, पण चूक कळली की ते काम टाकून पुढच्याकडे वळे, आणि सोमवारी हॅमिंगसाहेबांच्या हाती काही नाही. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये, असा त्यांचा प्रश्न. १९५० मध्ये छापून आलेलं त्यांचं उत्तर कागदावर करून पाहण्यासारखं आहे. सात जागा घ्या. १, २ आणि ४ या जागा तपासनीस बिटांच्या, उरलेल्या चार माहितीच्या. पहिला तपासनीस १, ३, ५, ७ या जागांवरच्या एकांची संख्या सम आहे ना पाहतो; दुसरा २, ३, ६, ७ पाहतो; चौथ्या जागेवरचा ४, ५, ६, ७. आता पाचव्या जागेवरचा बिट उलटला, तर पहिला आणि चौथा तक्रार करतात, दुसरा गप्प. एक अधिक चार, पाच. तक्रार करणाऱ्यांची बेरीज हाच चुकीचा पत्ता! शाळेतल्या मुलांना हे करून दाखवलं तर ती उड्या मारतात, हा अनुभव आहे. सर्व्हरच्या रॅममध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात: ६४ बिटांमागे ८ तपासनीस, एकूण ७२. एक बिट चुकला तर दुरुस्त, दोन चुकले तर निदान कळतं तरी. यालाच ईसीसी मेमरी म्हणतात.

तिच्याशिवाय काय होतं याचा सार्वजनिक दाखला व्हर्जिनिया टेकचा. २००३ मध्ये त्यांनी अॅपलचे ११०० पॉवर मॅक जोडून महासंगणक उभा केला, आणि तो जगातल्या पहिल्या पाचशेच्या यादीत थेट तिसरा आला. त्या मॅकमध्ये ईसीसी नव्हती. पुढच्या वर्षी ते सगळे काढून ईसीसी असलेले एक्स-सर्व्ह बसवावे लागले.

आता माझ्या प्रांतात येऊ. प्रोसेसरला चूक सापडली की तो ती स्वतःच्या एका ६४ बिटी रजिस्टरमध्ये टिपून ठेवतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यातला ६३ क्रमांकाचा बिट सांगतो की नोंद वैध आहे. ६१ क्रमांकाचा सांगतो की चूक दुरुस्त झालेली नाही. मधले काही बिट दुरुस्त चुकांची मोजणी ठेवतात. चूक दुरुस्त झाली असेल तर कर्नलला निवांत इंटरप्ट येतो, किंवा कर्नल स्वतः दर पाच मिनिटांनी डोकावतो. दुरुस्त झाली नसेल तर मात्र मशीन चेक नावाचा अपवाद उसळतो, १८ क्रमांकाचा, आणि तो इतर इंटरप्ट बंद असतानाही घुसतो. कर्नल त्या क्षणी कुठलंही कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच काम करू देणारं लॉक, हातात धरून बसलेला असू शकतो. तिथून सरळ लॉग लिहायला जावं, तर लॉगचंच कुलूप आधी कोणी घेतलेलं असायचं, आणि यंत्र गोठायचं. म्हणून नोंद आधी कुलूप न लागणाऱ्या एका राखीव जागेत टाकतात, आणि तिचा अर्थ लावण्याचं काम परिस्थिती शांत झाल्यावर होतं.

अर्थ लावतं ते एडॅक नावाचं उपांग. त्याचं मूळ नाव ब्लूस्मोक, म्हणजे सर्किट जळताना निघतो तो निळा धूर. २००६ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं तेव्हा सभ्य नाव मिळालं. मला जुनंच आवडतं. तर या एडॅकपाशी प्रोसेसर येतो तो एक भौतिक पत्ता घेऊन. त्यावरून पट्टी ओळखणं हे वाटतं तितकं सरळ नाही. वेग वाढावा म्हणून आजचे कंट्रोलर शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या चॅनेलांवर विखरून ठेवतात, त्यात पत्त्याचे बिट एकमेकांत मिसळून टाकतात. त्यामुळे प्रत्येक पिढीच्या चिपसेटसाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागतो, जो कंट्रोलरची रजिस्टरं वाचून ही गुंतागुंत उलटी उलगडतो. हे काम नीरस आहे आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही.

अर्थ लागला, आता सांगायचं कसं? पूर्वापार पद्धत म्हणजे प्रिंट-के: लॉगमध्ये इंग्रजी वाक्य छापायचं. सोसायटीच्या वॉचमनने खालून ओरडून निरोप देण्यासारखं हे. ज्याच्या कानावर पडलं त्याच्या. प्रत्येक ड्रायव्हरची वाक्यरचना वेगळी. त्या वाक्यांतून आकडे वेचायला लोक स्क्रिप्ट लिहीत, आणि पुढच्या आवृत्तीत कोणी एक स्वल्पविराम हलवला की त्या मुकाट बंद पडत. २०१२ मध्ये रेड हॅटमधले ब्राझीलचे मावरो कार्व्हालो चेहाब यांनी एडॅकची मोठी डागडुजी केली आणि कर्नल ३.५ मध्ये मेमरीच्या चुकांसाठी एक ट्रेस इव्हेंट आणला. कर्नलमध्ये काय घडतंय ते टिपणारी ट्रेसिंगची यंत्रणा त्याआधीच होती. स्टीव्हन रोस्टेड यांचं एफट्रेस २००८ मध्ये कर्नलमध्ये आलं होतं. तिचा उपयोग मुख्यतः प्रोग्रामचा वेग तपासायला व्हायचा. हार्डवेअरच्या चुका त्या वाटेने पाठवायच्या, ही कल्पना मला आजही फार शहाणपणाची वाटते.

कारण ट्रेस इव्हेंटमध्ये वाक्य नसतं, ठरलेले रकाने असतात: चुकीचा प्रकार, पट्टीचं लेबल, किती चुका, कुठला कंट्रोलर, त्याखालचे तीन थर, पत्ता, त्या पत्त्याची अचूकता किती, आणि सिंड्रोम, म्हणजे हॅमिंगच्या तपासनिसांच्या तक्रारींचा तो आकडा. रकान्यांचा क्रम आणि लांबी कर्नल स्वतःच एका फॉरमॅट फाइलमध्ये जाहीर करतो. ऐकणारं कोणी नसेल तेव्हा ट्रेसपॉइंटच्या, म्हणजे जिथून नोंद निघते त्या जागी, काहीच न करणारी एक पाच बाइटची सूचना असते, त्यामुळे खर्च जवळपास शून्य. कोणी ऐकायला बसलं की कर्नल चालू असतानाच ती सूचना बदलून तिथे उडी बसवतो, आणि नोंदी त्या-त्या प्रोसेसरच्या गोलाकार बफरमध्ये पडू लागतात. रासडेमन नावाचा प्रोग्राम त्या उचलतो आणि एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो. मग गेल्या महिन्यात कुठल्या पट्टीने किती चुका केल्या, हे एका प्रश्नात कळतं. मेमरीच्या एकाच पानावर वारंवार चुका होत असतील, तर आपण घालून दिलेल्या मर्यादेनंतर ते चार किलोबाइटचं पान वापरातून काढून टाकायला तो कर्नलला सांगतो.

यात एक नाजूक मुद्दा आहे. ऐकणारा मेला तर? गोलाकार बफर भरला की जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. तक्रार कुठेच उरत नाही. त्यासाठी एक साधी सोय आहे. रासडेमन सुरू होताना डीबग फाइलसिस्टिममधली एक ठरावीक फाइल उघडून धरतो. ती कोणी धरलेली नाही असं दिसलं, की काही ड्रायव्हर चूक पूर्वीसारखी लॉगमध्ये छापतात. प्रोग्राम कोसळला तर कर्नल त्याच्या उघड्या फाइली आपसूक बंद करतो, त्यामुळे वेगळी व्यवस्था लागत नाही.

रकाने जाहीर असले तरी लोक ते वाचतीलच असं नाही. २०११ मध्ये कर्नलमधलं जुनं मोठं कुलूप (बिग कर्नल लॉक) एकदाचं गेलं, तेव्हा प्रत्येक ट्रेस नोंदीतला त्याच्याशी संबंधित रकानाही काढून टाकला. लगेच पॉवरटॉप हा वीजखर्च मोजणारा लोकप्रिय प्रोग्राम मोडला. त्याने फॉरमॅट फाइल न वाचता रकान्यांच्या जागा पाठ करून ठेवल्या होत्या. चूक पॉवरटॉपची, पण वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडायचा नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. म्हणून चार रिकामे बाइट परत घालावे लागले, आणि नंतर कित्येक आवृत्त्या प्रत्येक नोंद ते निरुपयोगी ओझं वाहत होती. रासडेमन फॉरमॅट फाइल रीतसर वाचतो.

एवढं सगळं जुळून आलं, तरी शेवटच्या चार इंचांत घोटाळा होतोच. कर्नल म्हणतो कंट्रोलर ०, चॅनेल १, स्लॉट ०. मदरबोर्डवर छापलेलं असतं ए३ किंवा बी२. यातलं काय म्हणजे काय, हे बोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक. रासडेमनबरोबर लेबलांच्या फाइली येतात, पण बाजारात बोर्ड किती आणि फाइली किती! फाइल नसेल तर रात्री डेटा सेंटरमध्ये टॉर्च घेऊन उभा असलेला तंत्रज्ञ अंदाजाने पट्टी उपसतो, चांगली पट्टी कचऱ्यात जाते आणि खराब जागेवर राहते.

बोर्डवाल्यांचं म्हणणं, की मग चुका आमच्या फर्मवेअरलाच आधी पाहू द्या. लेबलं आम्हाला माहीत आहेत. म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण फर्मवेअर चूक हाताळत असताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातातून सगळे प्रोसेसर काढून घेतले जातात, सर्व्हर मध्येच अडखळतो आणि का अडखळला ते कुठल्याच लॉगात सापडत नाही. शिवाय अनेक फर्मवेअर ठरावीक संख्या ओलांडेपर्यंत तोंड उघडत नाहीत. ती संख्या कोणी ठरवली, कशावरून, विचारलं तर उत्तर मिळत नाही. किती चुकांनंतर घाबरायचं हे यंत्राच्या मालकाने ठरवावं, विक्रेत्याने नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

डीडीआर-५ या रॅमच्या पिढीने यात आणखी एक पडदा घातला आहे. चिप इतक्या दाट झाल्या, की १२८ बिटांमागे ८ तपासनीस आता चिपच्या पोटातच असतात. एका बिटाची चूक तिथल्या तिथे मिटते आणि कंट्रोलरला त्या वाचनात काहीच कळत नाही. चिप अधूनमधून स्वतःला तपासते, चुकांची मोजणी आणि सर्वाधिक चुका असलेल्या ओळीचा पत्ता ठेवते, पण तो मुद्दाम विचारावा लागतो.

याचा एक व्यावहारिक परिणाम मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत दिसतो. घरच्या सर्व्हरसाठी ईसीसी रॅम मागितली, तर ‘डीडीआर-५ मध्ये ईसीसी असतंच, साहेब’ असं ऐकायला मिळतं. पोटातली ईसीसी वेगळी. चिपपासून प्रोसेसरपर्यंतचा प्रवासही राखणारी खरी ईसीसी पट्टी ६४ ऐवजी ७२ किंवा ८० बिट रुंद असते, आणि तिला साथ देणारा प्रोसेसर आणि मदरबोर्डही लागतो. बसवून झाल्यावर लिनक्स सुरू करून सिस फाइलसिस्टिममध्ये एडॅकचा फोल्डर उघडावा. आत एमसी-शून्य नावाचा फोल्डर असेल, तर त्यातल्या सीई-काउंट या फाइलमध्ये दुरुस्त चुकांची संख्या मिळते. नव्या रॅमला ती ० असावी. फोल्डरच नसेल, तर चुका शून्य आहेत असा अर्थ काढू नये. ड्रायव्हर चढलाय का, बायॉसमध्ये ईसीसी चालू आहे का, एवढं पाहून घ्यावं, आणि तरीही नाहीच दिसला तर बिल घेऊन दुकान गाठावं.