शजरा आणि बांध

आमच्या घरात भिंतीवर एक शजरा आहे. वरच्या टोकाला अरबस्तानातून गलबताने आलेले बुजुर्ग, खाली गावचे खोत, आणि मधल्या काही पिढ्या कोऱ्या. मरहूम अब्बा ईदला येणाऱ्या पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवीत. कोऱ्या जागा भरायच्या म्हणून यंदा गावी गेलो.

लोणेऱ्याहून आंबेत. बॅरिस्टर अंतुल्यांचे हे गाव. तिथला सावित्रीवरचा पूल ओलांडला की म्हाप्रळ, तालुका मंडणगड. पुढे खाडीकाठाने आमची वाडी.

तालुक्याला जुने फेरफार मिळाले. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, कूळकायद्याच्या कलम ३२-ग खाली, आजोबांच्या नावावर जमीन चढलेली. म्हणजे आम्ही खोत नव्हतो, खोताचे कूळ होतो. अब्बा तेव्हा वीसेक वर्षांचे. त्यांना हे ठाऊक नसणे शक्यच नाही. कागद हातात धरून मी बराच वेळ बाकावर बसून राहिलो.

संध्याकाळी चाचांना भीतभीतच सांगितले. ते हसले. "खोत असतो तर चिखलात कशाला उतरलो असतो रे? चल, आपला शजरा दाखवतो."

त्यांनी मला खाजणाच्या बांधावर नेले. खाडीतलाच चिकण गाळ कापून थापलेला, पाण्याच्या अंगाला दगड, मध्ये लाकडी झडपेची उघाडी. भरती चढली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पावसाने खार धुतला की आत राता भात, तांबडा आणि खार सोसणारा. बांध फुटला तर एका रात्रीत शेतात खाडी. म्हणून उधाणाच्या रात्री मुसलमान काय, कुणबी काय, घरटी माणूस घमेले घेऊन हजर. जो येत नसे त्याला गावात कोणी विचारीत नसे.

बांधाचा प्रत्येक तुकडा तो राखणाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. चाचा चालत चालत नावे सांगत गेले. त्यांतली चार आमच्या घराण्यातली, आजोबांच्या आधीची. शेवटच्या तुकड्याला मोठे भगदाड होते. आमच्या घरची मुले आखातात गेल्यापासून तिथे माती टाकायला कोणी नाही. आत तिवरे माजली आहेत. मगरिबची अजान होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

परतल्यावर ती चार नावे शजऱ्यात लिहिली. 'खोत' खोडले नाही. शेजारी पेन्सिलीने 'कूळ' एवढेच लिहिले. थोरल्या भावाने तो अजून भिंतीवर परत लावलेला नाही.