कलाने घ्यावे

मराठीत ‘कलाने घेणे’ असा एक फार शहाणा वाक्प्रचार आहे. हट्टाला पेटलेल्या पोराला कलाने घ्यावे, चिडलेल्या म्हाताऱ्याला कलाने घ्यावे, आणि नव्या जावयाला तर निदान वर्षभर कलानेच घ्यावे लागते. समोरच्याचा ओढा कोणीकडे आहे ते ओळखायचे, वाद न घालता त्याच्याबरोबर चार पावले चालायचे, आणि त्याचा नूर पालटला की आपणही हळूच बाजूला व्हायचे. एवढे सारे संसाराचे शहाणपण त्या दोन शब्दांत साठवलेले आहे. वीस वर्षे मी वर्गात वाक्प्रचार शिकवीत आलो आहे. पण हा वाक्प्रचार पैशाच्या बाजारातही चालतो, हे मला माझ्या भाच्याने शिकवले.

हा भाचा पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मुलगा सरळ, निर्व्यसनी. सुपारीचे खांडदेखील तोंडात टाकीत नाही. 2022 च्या दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक निराळेच तेज दिसत होते. चकली मोडता मोडता तो म्हणाला, “मामा, डॉलर त्र्याऐंशीच्या वर गेला!” जणू डॉलर हा त्याच्या वर्गातला पहिला आलेला विद्यार्थी! त्या वर्षीच्या जानेवारीत तोच डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास होता. युक्रेनमध्ये युद्ध पेटले, अमेरिकेने व्याजाचे दर भराभर चढवले, आणि जगभरचा पैसा डॉलरकडे धावला. त्या धावेत आमचा भाचाही सामील झाला होता. शेअरबाजाराप्रमाणे आपल्याकडे 2008 पासून रुपया-डॉलरचे वायद्याचे सौदेही होतात. एक सौदा हजार डॉलरांचा. पण त्यासाठी पूर्ण रक्कम मोजावी लागत नाही. थोड्या हजारांची अनामत ठेवली की झाले. भाव एक पैसा हलला की दहा रुपये इकडचे तिकडे होतात.

“पण डॉलर चढणार हे तुला कळलं कसं?” मी विचारले.

“कळलं नाहीच. कळायची गरजच नाही.” असे म्हणून त्याने मला आपली पद्धत सांगितली. गेल्या वीस दिवसांतल्या सर्वांत वरच्या भावापलीकडे भाव गेला की घ्यायचे. गेल्या दहा दिवसांतल्या सर्वांत खालच्या भावाखाली आला की विकून मोकळे व्हायचे. पडत्या बाजारात हेच उलट बाजूने. भाव का चढला, किती चढेल, असले काही विचारायचे नाही. इंग्रजीत म्हणे याला ‘ट्रेंड फॉलोइंग’ म्हणतात.

“म्हणजे बाजाराला कलाने घेणं!” मी म्हणालो. त्याला तो शब्द इतका आवडला की त्याने तो आपल्या वहीवरच लिहून टाकला.

ही पद्धत काही त्याने शोधलेली नव्हे. तिच्यामागे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. 1983 साली शिकागोच्या वायदेबाजारातला रिचर्ड डेनिस आणि त्याचा भागीदार विल्यम एकहार्ट यांच्यात पैज लागली. व्यापारी जन्मावा लागतो की घडवता येतो? (आमच्या मराठीच्या वर्गात हाच वाद कवीविषयी दर वर्षी होतो, आणि दर वर्षी घंटा झाल्यामुळे अनिर्णीत राहतो!) डेनिसचे म्हणणे, घडवता येतो. सिंगापूरला त्याने कासवे वाढवण्याचा कारखाना पाहिला होता. तशी आपण माणसे वाढवू म्हणून त्याने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, काही नवशिकी माणसे निवडली, त्यांना दोनेक आठवडे नियम शिकवले आणि खेळायला स्वतःचा पैसा दिला. या शिष्यांचे नावच पुढे ‘कासवे’ पडले. त्यांतल्या काहींनी रग्गड पैसा मिळवला. पण गंमत अशी की नियम सर्वांना तेच, गुरू तोच, तरी सर्वांची फळे सारखी नव्हती. आणि खुद्द गुरूला 1988 मध्ये मोठे नुकसान सोसून लोकांचा पैसा सांभाळण्याचे काम थांबवावे लागले.

असे का व्हावे? याचे उत्तर मला त्या गोष्टीतून मिळाले नाही. ते भाच्याच्या वहीत मिळाले. 2022 ची दिवाळी संपली आणि डॉलरने बसकण मारली. पुढची जवळजवळ दोन वर्षे तो ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या दरम्यान घुटमळत राहिला. रिझर्व्ह बँक एका हाताने डॉलर विकत होती, दुसऱ्या हाताने घेत होती. रुपयाला फार उसळू द्यायचे नाही आणि फार कोसळूही द्यायचे नाही, असा तिचा खाक्या. देशाच्या दृष्टीने ही स्थिरता फार चांगली. पण कलाने घेणाऱ्याला कलच नसला तर त्याने काय करावे? भाव वीस दिवसांच्या माथ्यावर डोके काढी, हा घेई. दुसऱ्या आठवड्यात भाव खाली येई. हा तोटा सोसून विकी. शिवाय दलाली. शिवाय घेण्याच्या आणि विकण्याच्या भावांतले अंतर. शिवाय पुढच्या महिन्याचा डॉलर आजच्या डॉलरपेक्षा थोडा महागच असतो. त्यामुळे भाव जागच्या जागी राहिला तरी डॉलर धरून बसणाऱ्याचे दर महिन्याला थोडे थोडे जातेच. रिकाम्या घराचे भाडे भरावे तसे!

त्या वहीत तारीख, भाव, नफा-तोटा आणि ‘शेरा’ असे रकाने होते. वह्या तपासण्याची मला सवय. मी फक्त शेऱ्याचा रकाना वाचीत गेलो. सुरुवातीला, “नियमाप्रमाणे घेतले.” मग, “नियमाप्रमाणे विकले. तोटा.” मग, “तोटा.” मग, “पुन्हा तोटा.” मग एका ठिकाणी, “नियम घ्या म्हणतो. धीर होत नाही. घेतले नाही.” आणि त्याच्याखाली चार दिवसांनी, नुसते एक उद्गारचिन्ह. त्या वेळी भाव चांगला चढला होता.

ते उद्गारचिन्ह पाहून मला माझे आजोबा आठवले. पारनेरच्या बाजूला आमची कोरडवाहू जमीन होती. मृगाचा पाऊस पडला की आजोबा बाजरी पेरीत. पाऊस दडी मारी, उगवलेले करपून जाई. मग दुबार पेरणी. कधी तीही जाई. तेव्हा बी वाया गेले म्हणून कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी खरा पाऊस आला त्या दिवशी पेरायचे राहून जाई, आणि त्याचे वर्षच बुडे. कलाने घेणाऱ्याचे गणित नेमके असेच आहे. दहातल्या सहा-सात पेरण्या वाया जायच्याच; एखाद्या वर्षाचा पाऊस सगळ्यांचे उट्टे काढतो. म्हणून प्रत्येक पेरणीला थोडेच बी लावायचे, म्हणजे पुढच्या पेरणीला मूठभर उरते. नियम पोरालाही पाठ होतो. पण सहा वेळा हात पोळल्यावर सातव्यांदा त्याच निष्ठेने हात पुढे करणे, हे पाठांतराचे काम नव्हे.

आणि आजोबांनी बी कधीकधी उसने आणले, पण बियाण्यासाठी शेत गहाण टाकले नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण भाच्याच्या गोष्टीला पुढे तेच वळण लागू पाहत होते.

2024 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने बजावले की, ज्याच्यामागे परकीय चलनाचा खरा व्यवहार आहे, त्यानेच रुपयाचे असे सौदे करावेत. मे महिन्यात ते लागू झाले. आमच्या भाच्याची ना आयात ना निर्यात. त्याचा खेळ बंद पडला. तेवढ्यात त्याला फोन येऊ लागले. कुठल्यातरी परदेशी कंपनीचा गोड बोलणारा माणूस सांगे, आमच्याकडे कसलेही बंधन नाही. एका रुपयावर पाचशे रुपयांचा सौदा करा! ताईच्या आणि भाच्याच्या जोडनावाने बँकेत एक मुदत ठेव आहे. भाऊजी गेल्यावर त्यांच्या नोकरीचे जे पैसे आले, ती ही ठेव. ती मोडण्याचा फॉर्म भाच्याने घरी आणलेला ताईने पाहिला आणि मला बोलावून घेतले.

मी उपदेश केला नाही. त्याची वही उघडली आणि म्हटले, “पाचशे पट म्हणजे किती हलल्यावर सगळं जातं, ते मांड.” त्याने मांडले. पाचशेवा भाग. चौऱ्याऐंशी रुपयांच्या डॉलरला सतरा पैसे. तुझ्या दहा दिवसांच्या तळापर्यंत भाव येईतो तू शिल्लक राहशील का, एवढेच मी विचारले. तो बोलला नाही.

“तोटा थांबवायचा भाव आधीच देऊन ठेवता येतो, मामा,” थोड्या वेळाने तो म्हणाला.

मग मी त्याला स्वित्झर्लंडची हकिकत वाचायला दिली. तिथल्या मध्यवर्ती बँकेने 2011 च्या सप्टेंबरात जाहीर केले होते की, युरोचा भाव 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. 15 जानेवारी 2015 ला तिने तो शब्द अचानक मागे घेतला, आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. हजारो लोकांनी आपापला तोटा थांबवायचा भाव देऊन ठेवलेला होता. पण त्या भावाला समोर घेणारा कोणी उरलाच नव्हता. दाराला कुलूप होते, भिंतच गेली होती! अनेकांची अनामत तर गेलीच, वर देणे अंगावर आले. अल्पारी यूके ही लंडनची पेढीही त्यात बुडाली. युरोपच्या बाजार-नियामक संस्थेने 2018 साली सांगितले की, अशा उसन्या पटीच्या व्यवहारांत सामान्य लोकांची 74 ते 89 टक्के खाती तोट्यात जातात. आणि तिने मोठ्या चलनांसाठी तीसपटीची मर्यादा घातली. आपल्याकडे तर असल्या बिनपरवाना परदेशी पेढ्यांशी व्यवहार करणे हा मुळात कायद्याचाच भंग. अशांच्या नावांची यादीच रिझर्व्ह बँक 2022 पासून प्रसिद्ध करीत आली आहे. फोनवरल्या गोड माणसाची कंपनी त्या यादीत भाच्याला स्वतःलाच सापडली.

फॉर्म फाडला गेला. ठेव जागेवर आहे.

पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. 2024 च्या ऑक्टोबरात डॉलरने चौऱ्याऐंशी ओलांडले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सत्त्याऐंशी. दोन वर्षे ज्याची वाट पाहिली तो पाऊस आला, तेव्हा आमच्या शेतकऱ्याच्या हाती शेतच नव्हते. त्याला फार लागले असेल. पण वही त्याने बंद केली नाही. रोज संध्याकाळी बाजार मिटला की तो भाव लिहितो, नियमाप्रमाणे कागदावरच घेतो, कागदावरच विकतो. परवा पाहिले, तर शेऱ्याच्या रकान्यात आता “धीर होत नाही” कुठेही नव्हते. बाजाराचा कल ओळखायला वीस दिवस पुरतात. स्वतःच्या मनाचा कल ओळखायला दोन वर्षे तोट्याची वही लिहावी लागते, असे मला वाटते.

ताईने मला विचारले, “अजून लिहीतच असतो रे रोज. त्यात काही मिळतं का?”

“पैसा नाही मिळत,” मी म्हणालो.

“मग लिहू दे,” ती म्हणाली, “वही स्वस्त आहे.”