ऐकणारा हवा

भाऊबीजेला धुळ्याहून जळगावला जायचा माझा नेम गेल्या वीस वर्षांत कधी चुकलेला नाही. पारोळा मागे पडून एरंडोल आले की ताईच्या हातच्या करंज्यांचा वास मला एस. टी.तच येऊ लागतो. गेल्या दिवाळीत मात्र वासाऐवजी धाकधूक होती. दाजी आणि माझा भाचा मे महिन्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या अबोल्यात माझाही थोडा हात होता.

झाले होते असे. भाच्याने बापाच्या केळीसाठी एक डबी बनविली होती. मातीत रोवलेल्या दोन सळ्यांवरून ओल मोजायची आणि माती कोरडी झाली की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा, एवढेच तिचे काम. घरात टेबलावर ती चोख चाले. त्याच सुमारास माझ्या घरी लग्न निघाले. "डबी आहे ना, काळजी कसली?" म्हणून भाच्याने सगळ्यांना धुळ्याला आणले. तीन दिवसांनी सारे परतले, तर केळीची पाने कडेने करपलेली. जळगावचा मे महिना! डबीचा दिवा लागलेला होता, पण व्हॉल्व्ह एकदाही उघडला नव्हता.

दाजी वाकले, मातीत बोट खुपसले आणि म्हणाले, "तुझ्या डबीपेक्षा माझं बोट खरं." त्यानंतर "जेवायला बोलाव त्याला" आणि "बाबांना सांग, भूक नाही" एवढेच संभाषण त्या घरात उरले. तेही ताईमार्फत.

मी चित्रकला शिकविणारा मास्तर. मॅट्रिकच्या पुढे पुस्तकांशी संबंध आला तो कादंबऱ्या वाचण्या-लिहिण्यापुरता. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी ती डबी कोनाड्यात पणतीशेजारी दिसली आणि राहवले नाही. म्हटले, "काय झालं होतं रे हिला?"

भाचा जणू या प्रश्नाचीच वाट पाहत होता.

"मामा, पूर्वी संगणकाला एक जुनं भोक असायचं. एकेक अक्षर एकामागून एक, तारेवरून जायचं. त्याचे नियम अमेरिकेत १९६० साली ठरले. आता ते भोक गेलं. १९९६ साली यूएसबी आली आणि तिने सगळी जागा घेतली. पण जुन्या पद्धतीने बोलणारे प्रोग्रॅम राहिलेच ना! मग या चिपमधला प्रोग्रॅम सोंग घेतो."

सोंग म्हटल्यावर मास्तर सावरून बसला. ती नखाएवढी चिप संगणकाला जोडली की संगणक विचारतो, तू कोण? चिप सांगते, मी मोडेम. म्हणजे पूर्वी टेलिफोनच्या तारेवर संगणकाची बोलणी नेणारे यंत्र. संगणक तिचे म्हणणे खरे मानतो आणि एक दार उघडून देतो. ते दार कुठेच नसते. त्याला नुसता क्रमांक असतो. हे सोंग उत्तम वठविणारा टायनीयूएसबी नावाचा तयार ग्रंथसंग्रह हा थाक नावाच्या गृहस्थांनी लिहून सर्वांना मोकळा ठेवला आहे. चार डॉलरांच्या पिकोसारख्या पाटीवरही तोच चालतो.

"आणि वेग?" मी उगाच विचारले. पडद्यावर ९६०० हा आकडा दिसत होता.

भाचा हसला. जुन्या तारेवर एका अक्षराला दहा ठोके लागत. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही तर नुसता कचरा उमटे. हे मोजण्याचे 'बॉड' हे माप बोदो नावाच्या फ्रेंच तारयंत्रकाराच्या नावावरून आले. २०१३ साली आपल्याकडची तार बंद झाली, पण त्याचे नाव अजून चालते आहे. मात्र या नकली दारावर तो आकडा नुसता विचारायचा असतो. चिप तो नम्रपणे टिपून घेते आणि आपल्याच वेगाने बोलते. लग्नपत्रिकेवरच्या 'कृपया आहेर आणू नये'सारखाच हा प्रकार!

"मग बिघडलं कुठं?"

तो गंभीर झाला. "जुन्या तारेचा स्वभाव असा, की कुणी ऐको न ऐको, ती आपलं बोलत राहायची. यूएसबीत तसं नाही. यंत्र आपण होऊन कधीच बोलत नाही. संगणक पुन्हा पुन्हा विचारतो, काही सांगायचंय का? तेव्हाच ते तोंड उघडतं. आणि समोर कुणी ऐकायला बसलंय, हा निरोप आधी यावा लागतो. पूर्वी त्याला वेगळी तार होती. आता नुसता निरोप. मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : कुणी ऐकायला बसेपर्यंत थांब. टेबलावर मी समोर बसलेला असायचो. शेतात कोण होतं? ती तिथेच थांबली. माती सुकत होती आणि ही ऐकणाऱ्याची वाट पाहत होती."

मला आसोद्याच्या बहिणाबाई आठवल्या. इथून हाकेच्या अंतरावर जात्याशी, चुलीशी त्या आपल्या गाणी रचीत होत्या, कुणी ऐकते आहे की नाही याची वाट न पाहता. त्या जुन्या तारेच्या जातीच्या. पण सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती ऐकून उतरवून घेतली नसती, तर १९५२ साली पुस्तक कुठून आले असते?

"हे बाबांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"ओळ काढलीस?"

"त्याच रात्री. आता कुणी ऐको न ऐको, आधी पाणी सोडते. विचारलं तर सांगते." थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण शेतात लावायची कशी? त्यांचं बोट आहे ना."

रात्री ओट्यावर दाजी सुपारी कातरीत बसले होते. मी म्हटले, "दाजी, त्या डबीला काय झालं होतं, ते त्याला एकदा विचारा."

"मी कशाला विचारू? चूक त्याची. त्यानं सांगावं."

"तो नाही सांगणार. विचारल्याशिवाय सांगता येत नाही अशी एक जात असते."

दाजींनी माझ्याकडे असे पाहिले, की मास्तरचे डोके ठिकाणावर आहे ना! पुढे काही बोलले नाहीत. अडकित्त्याचा आवाज तेवढा होत राहिला.

सकाळी ताईने चहा दिला तेव्हा घरात दोघेही नव्हते. मी शेताकडे गेलो. नव्या मृगबागेत दाजी उकिडवे बसून मातीत बोट खुपसून होते. शेजारी भाचा, हातात डबी, वायर मांडीवरच्या लॅपटॉपला जोडलेली. दाजींनी बोट काढले, अंगठ्याने माती चोळली आणि वर न पाहता म्हणाले,

"काय रे भो, तुझी डबी काय म्हणते?"

भाच्याने सांगायला सुरुवात केली. ओल, सळ्या, ती पहिली ओळ, लग्नातल्या त्या तीन रात्री. मे महिन्यापासूनचे सारे साठलेले होते. दाजी मध्ये मध्ये "हं" म्हणत होते.

मी बांधावरच थांबलो. माझी साडेनऊची एस. टी. त्या दिवशी चुकली.